मेगापिक्सेल कॅमेऱ्याचे, हिशेब डोळ्याचा

अमरावती असो की अकोला, कॅमेऱ्याच्या दुकानात अर्धा तास उभे राहिले तर एक प्रश्न चार वेळा तरी कानावर पडतो: ‘‘भाऊ, किती मेगापिक्सेलचा हाये?’’ विचारणारा कधी लग्नसराईच्या ऑर्डरी घेणारा तरुण असतो, कधी दर पावसाळ्यात चिखलदरा गाठणारा हौशी माणूस, तर कधी नवे घर बांधलेला निवृत्त शिक्षक. शिक्षकाला बैठकीच्या भिंतीवर गाविलगडाचा चांगला अडीच फुटी फोटो लावायचा असतो. तिघांची गरज वेगळी, पण समजूत एकच. फोटो मोठा छापायचा म्हणजे मेगापिक्सेल जास्त पाहिजेत, आणि जितके जास्त तितके बरे.

दुकानदारही गणित मांडून दाखवतो. छपाई चांगली यायची तर इंचाला ३०० पिक्सेल हवेत, असा धंद्यातला जुना दंडक आहे. २० बाय ३० इंचांचा फोटो म्हणजे एका बाजूला ६,००० आणि दुसऱ्या बाजूला ९,००० पिक्सेल. गुणाकार केला की ५ कोटी ४० लाख, म्हणजे ५४ मेगापिक्सेल. मग काचेच्या कपाटातला सगळ्यात वरच्या कप्प्यातला कॅमेरा खाली येतो आणि गिऱ्हाईक हप्ता किती बसेल ते विचारू लागते.

या हिशेबातला गुणाकार बरोबर आहे. फक्त तो ३०० चा आकडा आला कुठून, हे कोणी विचारत नाही. तो कॅमेऱ्यातून आलेला नाही, छपाईच्या यंत्रातूनही नाही. तो माणसाच्या डोळ्यातून आलेला आहे, आणि डोळ्याचा हिशेब अंतराशिवाय होत नाही.

कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगलेला असतो. हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ मध्ये तो तयार केला आणि आजही तोच वापरात आहे. रुग्णाला ६ मीटरवर बसवून एकेक ओळ वाचायला लावतात. ज्या ओळीला ‘६/६’ म्हणतात, तिच्यातले अक्षर जेमतेम ८.७ मिलिमीटर उंच असते आणि अक्षराची रेघ पावणेदोन मिलिमीटर जाड. सहा मीटरवरून पाहताना ही रेघ डोळ्याशी जो कोन करते, तो एका अंशाचा साठावा भाग भरतो. पंचांग पाहणाऱ्यांना हे माप ठाऊक आहे. अंश, कला, विकला यांतली ही एक कला. आकाशातला पौर्णिमेचा चंद्र साधारण ३० कलांचा असतो, म्हणजे अशा रेघा शेजारी शेजारी ठेवल्या तर चंद्राच्या रुंदीत तीसच मावतील. निरोगी डोळ्याची बारकावा टिपण्याची सर्वसाधारण मर्यादा ही अशी, एका कलेची.

ती तेवढीच का, याचे उत्तर दृष्टिपटलाच्या बांधणीत आहे. दृष्टिपटलाच्या मध्यावर, जिथे नजर सर्वांत तीक्ष्ण असते, तिथे शंकू पेशी मधाच्या पोळ्यातल्या घरांसारख्या दाटीने बसलेल्या असतात. दोन पेशींमधले अंतर दोन ते तीन मायक्रॉन. बाहेरच्या जगातला एका कलेचा कोन डोळ्याच्या आत पडद्यावर पडतो, तेव्हा त्याची लांबी सुमारे पाच मायक्रॉन भरते. दोन ठिपके वेगळे दिसायचे असतील तर त्यांच्या प्रतिमांमध्ये निदान एक पेशी मोकळी राहावी लागते. ठिपके त्याहून जवळ आले की मेंदूला दोनाऐवजी एकच दिसतो. डोळ्याचा सेन्सर जन्मजात आहे आणि त्याचे नवे मॉडेल निघत नाही.

आता ही एक कला हातात धरलेल्या फोटोवर मांडून पाहू. फोटो ३० सेंटिमीटरवर, म्हणजे पुस्तक धरतो तितक्या अंतरावर असेल, तर एक कला भरते ०.०८७ मिलिमीटर. एका इंचात असे सुमारे २९० ठिपके बसतात. हाच तो ३०० चा दंडक. हातात घेऊन पाहायच्या अल्बमसाठी, लग्नपत्रिकेसाठी, मासिकाच्या पानासाठी तो अगदी योग्य आहे. पण एक मीटर मागे सरका, इंचाला ८७ पिक्सेल पुरतात. दोन मीटरवरून ४४, तीन मीटरवरून २९. त्याहून जास्त छापले तरी डोळ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

आणि अडीच फुटी फोटो कोणी नाकाला लावून पाहत नाही. माणूस आपोआप इतका मागे सरकतो की सगळी चौकट नजरेत यावी. हे अंतर साधारणपणे फोटोच्या कर्णाइतके असते, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतच्या लांबीइतके. २० बाय ३० च्या फोटोचा कर्ण ३६ इंच, बरोबर तीन फूट. तीन फुटांवरून डोळ्याला इंचाला ९५ पिक्सेल लागतात. आता पुन्हा गुणाकार करा: १,९०० गुणिले २,८५०. उत्तर येते ५४ लाख. दुकानात ५४ मेगापिक्सेल सांगितले होते, डोळा मागतो ५.४. दशमान चिन्ह एक घर सरकले, एवढाच फरक!

यातली खरी गंमत पुढे आहे. फोटो दुप्पट केला, ४० बाय ६० इंचांचा, तर पाहणारा सहा फुटांवर जातो आणि इंचाला लागणारे पिक्सेल निम्मे होतात. गुणाकार तोच राहतो, ५४ लाख. फोटो चौपट करा, भिंतभर करा, कर्णाइतक्या अंतरावरून पाहायचा असेल तर आकडा हलत नाही. राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या टॉवर चौकात नेत्यांच्या वाढदिवसाचे दहा बाय वीस फुटांचे फ्लेक्स लागतात. ते रस्त्यावरून दहा मीटरवरून पाहिले जातात आणि तेवढ्या अंतरावर इंचाला नऊ पिक्सेल पुरतात. सगळा फ्लेक्स मिळून बावीस लाख पिक्सेल झाले. एखाद्या जुन्या मोबाइलवरच्या फोटोतूनही साहेबांचे हसू ठळक उमटते ते यामुळे. त्याच फ्लेक्सखाली उभे राहून वर पाहिले तर गालाच्या जागी नुसते रंगीत ठिपके दिसतात.

अर्थात, नेमक्या किमान आकड्यावर थांबू नये. एक तर ६/६ ही सर्वसाधारण नजर झाली. तरुण निरोगी डोळे ६/५, कधी ६/४ ची ओळही वाचतात. दुसरे, डोळ्याची एक करामत अशी की दोन रेघा एका ओळीत आहेत की एक किंचित सरकलेली आहे, हे त्याला काही विकलांच्या फरकानेही कळते, म्हणजे त्याच्या नेहमीच्या मर्यादेपेक्षा कितीतरी बारीक. सोनार तराजूचा काटा पाहतो आणि गवंडी ओळंबा पाहतो, ते याच शक्तीवर. फोटोत विजेची तार, घराची कड किंवा तिरपा जिना असेल तर पिक्सेलच्या पायऱ्या याच शक्तीमुळे खटकतात. आणि तिसरे म्हणजे पाहुण्यांना जवळ जाऊन पाहायची सवय असते. म्हणून प्रत्येक बाजूला दुप्पट पिक्सेल धरावेत. दोन्ही बाजू दुप्पट म्हणजे एकूण चौपट, सुमारे २२ मेगापिक्सेल. आज बाजारात मिळणारे लेन्स बदलता येणारे साधे कॅमेरेदेखील २४ मेगापिक्सेलचे असतात. घराच्या, दुकानाच्या किंवा मंगल कार्यालयाच्या भिंतीसाठी त्यापुढच्या आकड्याला जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण नाही.

एक अपवाद मात्र खरा आहे. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला दोनशे माजी विद्यार्थ्यांचा फोटो निघतो. तो लांबून कोणीच पाहत नाही. जो तो जवळ जाऊन, बोट ठेवून स्वतःला शोधतो. अशा फोटोला अंतराचा हिशेब लागू होत नाही, त्याला ३०० चाच दंडक लावावा. नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाजावरचे कोरीव काम आणि लेख छापायचे असतील तर तेही असेच, कारण तिथे बघणारा अक्षरामागे अक्षर वाचत जातो. पण यासाठीही महागडा कॅमेरा लागतोच असे नाही. दरवाजा कुठे पळून जात नाही. ट्रायपॉड लावून एकेका भागाचे सहा-आठ फोटो घ्यावेत आणि संगणकावर जोडावेत. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून शंभरच्या घरातला फोटो तयार होतो.

पिक्सेल मोजून झाले, तरी फोटो स्पष्ट येईल याची हमी नाही. मोतीबिंदूच्या रुग्णाचे दृष्टिपटल बहुधा ठणठणीत असते, सगळ्या शंकू पेशी जागेवर असतात, पण समोरचे भिंग गढूळ झालेले असते आणि त्याला बोटे मोजता येत नाहीत. भिंग बदलले की दुसऱ्या दिवशी तोच माणूस घड्याळ वाचतो. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. ४५ मेगापिक्सेलचा सेन्सर आणि त्यापुढे स्वस्तातली, कोपऱ्यात पसरट प्रतिमा देणारी लेन्स, हा मोतीबिंदू झालेला कॅमेरा होय. वऱ्हाडात त्यात बुरशीची भर पडते. पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या धुक्यात फिरवलेला कॅमेरा तसाच ओलसर बॅगेत टाकून कपाटात ठेवला की लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

दुसरा शत्रू म्हणजे आपलाच हात. प्रत्येकाचा हात सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा बारीक थरथरतो. हा आजार नव्हे, स्नायूंचा स्वभाव आहे. कडक चहा-कॉफी, जागरण, भीती आणि थायरॉइडचे जास्तीचे काम यांनी ही थरथर वाढते. फोटो घेताना प्रतिमा सेन्सरवर आडवी-उभी दोन-दोन पिक्सेल जरी सरकली, तरी २४ मेगापिक्सेलचे खरे काम सहावर येते. कॅमेऱ्यावरचा आकडा अर्थातच २४ च राहतो. ज्याच्याकडे ट्रायपॉड नाही त्याने जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा घेणे म्हणजे गळक्या टाकीला मोठा पाइप जोडण्यासारखे आहे.

मोबाइलवाल्यांच्या १०८ आणि २०० मेगापिक्सेलबद्दलही बोलायला हवे, कारण दुकानातला प्रश्न आता तिथून सुरू होतो. या फोनमधल्या एका पिक्सेलची रुंदी ०.६ ते ०.८ मायक्रॉन असते. प्रकाश ही लाट आहे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.५५ मायक्रॉन. कितीही उत्तम भिंग असले तरी ते प्रकाशाला बिंदूत गोळा करू शकत नाही, एक बारीक चकती तयार होतेच. मोबाइलच्या लेन्समध्ये ती चकती दोन मायक्रॉनच्या पुढे जाते. म्हणजे एका चकतीखाली अनेक पिक्सेल झाकले जातात आणि सगळे जवळजवळ तीच बातमी सांगतात. कंपन्यांनाही हे ठाऊक आहे, म्हणून असे फोन एरवी नऊ किंवा सोळा पिक्सेल एकत्र करून साधारण १२ मेगापिक्सेलचाच फोटो साठवतात. तो १२ चा फोटो भर उजेडात काढलेला असेल, तर २० बाय ३० इंचांत तो छान छापता येतो हे वरच्या हिशेबावरून दिसतेच. मोबाइल कमअस्सल नाही. खोक्यावरचा आकडा मात्र त्याचे मोजमाप नव्हे.

मग जास्त मेगापिक्सेल कामाला येतात ते कुठे? जिथे फोटोचा छोटासा तुकडा कापून मोठा करावा लागतो तिथे. आणि वऱ्हाडात त्याचे उत्तम उदाहरण मेळघाटात बसलेले आहे, सागाच्या फांदीवर.

रानपिंगळा हा घुबडाच्या कुळातला वीतभर पक्षी, लांबी जेमतेम २३ सेंटिमीटर. १८७३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली, १८८४ नंतर एकही खात्रीचा नमुना मिळाला नाही आणि तो नामशेष झाला असेच जगाने धरले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि बेन किंग या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञांना तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसला. पुढे मेळघाटातही तो सापडला. अडचण अशी की गावात, शेतात, जुन्या वाड्यात दिसणारा नेहमीचा पिंगळा याच आकाराचा असतो. मुख्य फरक डोक्यावर आहे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे. हा ठिपका दोन-तीन मिलिमीटरचा. तीस मीटरवरून तीन मिलिमीटरचा ठिपका डोळ्याशी एक तृतीयांश कलेचाच कोन करतो, म्हणून नुसत्या डोळ्याने तो दिसतच नाही. आठपट दुर्बिणीतून दिसतो.

कॅमेऱ्याचे काय? २४ मेगापिक्सेलचा, मध्यम आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा आणि ४०० मिलिमीटरची लेन्स घेतली, तर तीस मीटरवरचा रानपिंगळा फोटोत सुमारे ८०० पिक्सेल उंच येतो आणि डोक्यावरचा ठिपका दहा पिक्सेलचा. ओळख पटायला हे भरपूर झाले. पण भिंतीवर लावण्यासाठी पक्षी १५ इंच उंच छापायचा म्हटले, तर इंचाला ५३ पिक्सेलच उरतात. एक मीटरवरून ८७ लागत होते. इथे फोटो कमी पडतो. आता हौशी माणूस म्हणेल, मग ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊ. मेगापिक्सेल दुप्पट झाले तरी पक्ष्याची उंची दुप्पट होत नाही. ती १.४ पटच वाढते, कारण वाढ दोन्ही दिशांना वाटली जाते. ८०० चे ११०० होतात. तीस मीटरऐवजी वीस मीटरवरून फोटो घेतला तर ८०० चे १२०० होतात, आणि त्याला पैसे लागत नाहीत, थांबावे लागते. रानपिंगळा दिवसाही वावरतो आणि ठरलेल्या फांद्यांवर पुन्हा पुन्हा येऊन बसतो. घरट्याजवळ जाणे, आवाज वाजवून त्याला बोलावणे किंवा फ्लॅश मारणे यांतले काहीही करू नये. इतक्या थोड्या जागी उरलेल्या पक्ष्याच्या विणीपेक्षा कोणाच्याही बैठकीतली भिंत मोठी नाही.

मेळघाटच्या दोन ऋतूंत तर कॅमेऱ्याचा आकडा पूर्णच निकामी होतो. मे महिन्यात अकोला-अकोट पट्ट्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. तापलेल्या जमिनीवरची हवा उकळत्या पाण्यासारखी हलते आणि दूरचा प्राणी पाण्याखालून पाहिल्यासारखा डुलतो. दुपारी दोनशे मीटरवरच्या गव्याचा फोटो शंभर मेगापिक्सेलने घ्या, डुलणारी हवाच फोटोत येईल. पहाटे सहाला साधा कॅमेराही काम करून जातो. आणि दुसरी वेळ बुद्धपौर्णिमेची. त्या रात्री पाणवठ्याच्या मचाणावर बसणाऱ्यांना चंद्रप्रकाशात अस्वल दिसते, पण त्याचा रंग दिसत नाही, केस दिसत नाहीत. तेव्हा शंकू पेशी जवळजवळ गप्प असतात आणि दंड पेशी काम करतात. त्या मंद उजेड पकडतात, पण बारकावा आणि रंग सोडून देतात. कॅमेऱ्यालाही हाच सौदा करावा लागतो. अंधारात मोठ्या आकाराचे थोडे पिक्सेल बरे, बारीक पिक्सेलची गर्दी नको. रात्रीसाठी कॅमेरा घेणाऱ्याने सेन्सर किती मोठा आहे ते विचारावे.

कॅमेरा निवडताना स्वतःच्या डोळ्यांचा विचार फारच थोडे लोक करतात. चाळिशी लागलेला माणूस चष्मा घरी विसरून दुकानात जातो, दोन नमुना प्रिंट हातात घेतो आणि ‘‘दोन्ही सारखेच दिसतात’’ म्हणतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘‘दोन्ही धुरकट आहेत’’ म्हणून तिसरा, महागडा मागतो. कॅमेऱ्याच्या दर्शिकेजवळ एक बारीक चाक असते. ते आपल्या डोळ्याच्या नंबरप्रमाणे फिरवायचे असते. ते न फिरवल्यामुळे धुरकट दिसणारे कॅमेरे दुरुस्तीला जातात आणि तिथून काहीही बिघाड न सापडता परत येतात. भिंतीवरचा फोटो गेल्या वर्षी स्पष्ट दिसत होता आणि यंदा दिसत नाही, असे मधुमेह असलेल्या कोणी म्हटले, तर मात्र फोटोवाल्याकडे जाऊ नये. इर्विन रुग्णालयात जावे, अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात जावे, आणि बुबुळ मोठे करणारे औषध घालून दृष्टिपटल तपासून घ्यावे.

आता ज्या फोटोसाठी सर्वाधिक घरांत धावपळ होते, त्याच्याकडे वळू. वऱ्हाडातल्या बहुतेक घरांत भिंतीवरचा सर्वांत मोठा फोटो कोणत्याही डोंगराचा किंवा वाघाचा नसतो. तो गेलेल्या माणसाचा असतो. आणि तो तेरवीच्या दोन दिवस आधी, घाईत, जे हाताशी असेल त्यातून तयार केला जातो. आयुष्यभर शेतात राबलेल्या आबांचा एकट्याचा फोटोच नसतो. असतो तो पुतणीच्या लग्नातला, मागच्या रांगेत उभे असलेला. रांगेत दहा माणसे, सगळा फोटो १२ मेगापिक्सेलचा, रुंदी ४,००० पिक्सेल. आबांच्या वाट्याला ४०० येतात, त्यातले चेहऱ्याला दीडशे. फ्रेममध्ये चेहरा पाच इंच रुंद करायचा म्हटले तर इंचाला ३० पिक्सेल मिळतात. तीन मीटरवरून तो चेहरा ठीक दिसेल. पण हाच फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने फिरून आलेला असेल, तर त्याची रुंदी साधारण १,६०० पिक्सेलवर आलेली असते. चेहऱ्याला उरतात ६०, इंचाला १२. तो चेहरा स्पष्ट दिसायला सात मीटर मागे जावे लागेल, आणि गावातल्या घराच्या खोलीची लांबी तेवढी नसते.

अशा वेळी हल्ली संगणकाची कृत्रिम बुद्धी पुढे केली जाते. तीन मिनिटांत तो चेहरा लखलखीत होतो. पण जे पिक्सेल फोटोत नव्हतेच ते तिने आणले कुठून? लाखो दुसऱ्या चेहऱ्यांवरून अंदाजाने भरले. भुवईजवळचा व्रण जातो, दात सरळ होतात, एक डोळा किंचित बारीक होता तो दुसऱ्यासारखा होतो. फोटो सुंदर येतो आणि आबांच्या बायकोला तो परका वाटतो. घरातले म्हणतात, म्हातारीला आता नीट दिसत नाही. बहुधा तिलाच नीट दिसलेले असते.

हीच गोष्ट रुग्णालयात जास्त महागात पडते. छातीच्या डिजिटल एक्स-रेमध्ये पंचाहत्तर लाखांच्या आसपास पिक्सेल असतात. गावाकडून नातेवाईक फिल्म खिडकीला धरून मोबाइलने फोटो काढतात आणि व्हॉट्सॲपवर टाकतात. पोचेपर्यंत त्यातले वीस लाखही उरत नाहीत. फुप्फुसाबाहेर हवा साठल्याची केसासारखी बारीक रेघ किंवा बरगडीची चीर त्या पाठवणीत पुसली जाऊ शकते, आणि ‘एक्स-रे नॉर्मल’ हे उत्तर मिळते. असा फोटो स्पष्ट करायच्या ॲपमधून तर तो कधीही काढू नये. जे नव्हते ते तिथेही भरले जाते. एक्स-रे असो की आबांचा फोटो, मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली की पिक्सेल जसेच्या तसे पोचतात.

जुन्या माणसांच्या बाबतीत आणखी एक जागा शोधण्यासारखी आहे. १९८०-९० च्या काळातले लग्न असेल तर स्टुडिओच्या किंवा घरच्या लोखंडी पेटीत निगेटिव्ह सापडू शकते. पिवळ्या पडलेल्या प्रिंटचा मोबाइलने फोटो घेण्यापेक्षा निगेटिव्ह चांगल्या स्कॅनरवर इंचाला ४,००० च्या हिशेबाने उतरवून घ्यावे. ३५ मिलिमीटरच्या एका चौकटीतून २१ मेगापिक्सेलची फाइल मिळते. फिल्ममध्ये तेवढा सगळा बारकावा नसला तरी जे आहे ते पूर्ण हाती लागते, आणि ते खरे असते.

आणि घरात म्हातारे माणूस असेल तर नवा कॅमेरा येईपर्यंत थांबायची गरज नाही. सकाळी आठ-नऊच्या सुमारास, ओसरीत, उन्हात नव्हे तर उन्हाच्या कडेच्या सावलीत त्यांना खुर्चीवर बसवावे. मोबाइलची लेन्स धोतराच्या सोग्याने का होईना, पुसून घ्यावी. चार-पाच फुटांवर बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून, झूम न करता चेहरा आणि खांदे चौकटीत घ्यावेत आणि वीस-पंचवीस फोटो काढावेत, कारण वयस्क माणसे डोळे मिटतात. १२ मेगापिक्सेलमध्ये चेहऱ्याला हजार पिक्सेल सहज मिळतात. पाच इंचांना म्हणजे इंचाला दोनशे. तो फोटो व्हॉट्सॲपवर न फिरवता पेन ड्राइव्हमध्ये ठेवावा आणि घरातल्या आणखी दोघांना त्याची जागा सांगून ठेवावी.